यंत्रनिर्मित मुखपृष्ठ आणि वाचनाचा प्रश्न

मुखपृष्ठ म्हणजे ग्रंथाचे वस्त्र, अशी उपमा देण्याची रूढी आहे. ती अपुरी आहे. वस्त्र बदलल्याने अंग बदलत नाही. मुखपृष्ठ मात्र वाचकाच्या मनात एक अपेक्षा पेरते आणि प्रारंभीची पाने तो त्या अपेक्षेच्या प्रकाशातच वाचतो. या अर्थाने मुखपृष्ठ हे ग्रंथावरील पहिले भाष्य होय. हे भाष्य करण्याचे काम आता शब्दांवरून चित्र रचणाऱ्या यंत्रांकडे सोपविले जात असल्यामुळे, अशा चित्राची परीक्षा कोणत्या निकषावर करावी, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकालाही टाळता येणार नाही.

या संदर्भात एक उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. जून २०२२ मध्ये ‘कॉस्मोपॉलिटन’ या अमेरिकन मासिकाने ओपनएआय या संस्थेच्या ‘डाल-ई २’ या यंत्राकडून आपले मुखपृष्ठ करवून घेतले. कॅरेन एक्स. चेंग यांनी त्यासाठी सूचनावाक्य रचले. चित्रात एक अंतराळवीर स्त्री मंगळाच्या भूमीवरून ऐटीने आपल्याकडे चालत येते. दृष्टिकोन खालून वर पाहणाऱ्याचा आहे. हे चित्र करण्यास केवळ २० सेकंद लागले, असे त्या मुखपृष्ठावरच छापलेले होते. प्रत्यक्षात मनाजोगे चित्र हाती येईपर्यंत चेंग यांना सूचनांचे असंख्य पाठ करून पाहावे लागले. म्हणजे रंगकाम यंत्राचे असले, तरी त्यामागील निवड मनुष्याची होती. आणि मुखपृष्ठावरील फुशारकीने नेमकी ही निवडच झाकली.

चित्र आकर्षक आहे, यात शंका नाही. परंतु अंक कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आणि चित्र अंतराळवीराचे, या दोहोंतील संबंध कोणता? ‘भविष्यकाळ’ या ढोबळ कल्पनेपलीकडे तो सापडत नाही. सूचनेतील प्रत्येक विशेषणाची पूर्तता चित्राने केली आहे. अंकातील विचाराला मात्र त्याने स्पर्श केलेला नाही.

याचे कारण यंत्राच्या घडणीतच आहे. प्रचंड संख्येने जमविलेली चित्रे व त्यांच्याखालील ओळी यांवरून हे यंत्र शब्द आणि रूप यांचे साहचर्य शिकते. मग निरर्थक ठिपक्यांच्या गर्दीपासून आरंभ करून सूचनेच्या अनुरोधाने ती गर्दी टप्प्याटप्प्याने निवळवीत नेते. साहजिकच ‘एकाकीपणा’ म्हटले की खिडकीशी पाठमोरी बसलेली व्यक्ती, ‘ज्ञान’ म्हटले की उघड्या पुस्तकातून निघणारा प्रकाश, अशा सर्वाधिक रुळलेल्या प्रतिमांकडे त्याचा ओढा राहतो. चांगले पुस्तक रुळलेल्या अर्थाला छेद देत असते. त्याच्या मुखपृष्ठाने मात्र तोच अर्थ पुन्हा प्रस्थापित करावा, हा विसंवाद होय.

मराठी ग्रंथाच्या बाबतीत ही अडचण दुणावते. ‘लायन-५बी’ या संग्रहात सुमारे ५८५ कोटी चित्र-ओळींच्या जोड्या होत्या. त्यांपैकी सुमारे २३२ कोटी इंग्रजी होत्या, आणि ‘स्टेबल डिफ्यूजन’ या यंत्राच्या २०२२ च्या आवृत्त्या मुख्यतः या इंग्रजी भागावरच घडल्या. अशा यंत्राला ‘वाडा’ सांगावयाचा तर प्रथम त्याची ‘हवेली’ करावी लागते आणि ‘ओसरी’चा ‘व्हरांडा’. चौक, तुळशीवृंदावन, ओसरीवरचा झोपाळा यांच्यासह त्या शब्दाने उभे केलेले जग या भाषांतरातच गळून पडते. पुढील यंत्रांना मराठी सूचना अधिक कळू लागल्या आहेत हे खरे. पण शब्द ओळखणे आणि त्या शब्दामागील घर ओळखणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यावर असा आक्षेप घेता येईल की, पूर्वीचे सर्व मुखपृष्ठकार तरी कोठे हस्तलिखित वाचीत असत? विकत घेतलेले तयार छायाचित्र तर ग्रंथाशी संपूर्ण अपरिचितच असते. आक्षेप रास्त आहे. न वाचता केलेले मुखपृष्ठ हा दोष यंत्राने निर्माण केलेला नाही. त्याने तो सुलभ व देखणा केला. शिवाय जबाबदारीचा धागाही त्याने तोडला. डिसेंबर २०२२ मध्ये ख्रिस्तोफर पाओलिनी यांच्या ‘फ्रॅक्टल नॉइज’ या कादंबरीच्या मुखपृष्ठावरून वाद झाला, तेव्हा चित्रसंग्रहातून घेतलेली प्रतिमा यंत्रनिर्मित असू शकेल याची आपणास कल्पना नव्हती, असे टॉर या प्रकाशनसंस्थेस सांगावे लागले. भाष्य आहे, पण भाष्यकार कोण हे प्रकाशकासही ठाऊक नाही, अशी ही अवस्था आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झारिया ऑफ द डॉन’ या चित्रकथेबाबत अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने दिलेला निर्णय येथे सूचक ठरतो. यंत्राने काढलेल्या चित्रांना त्याने संरक्षण नाकारले. लेखिकेचे शब्द आणि तिने केलेली निवड व मांडणी यांना ते दिले. समीक्षेचा निकषही याहून फार दूरचा नाही. चित्र कोणत्या साधनाने काढले, हा दुय्यम प्रश्न आहे. ज्याने ते निवडले त्याने ग्रंथ वाचला होता काय, आणि त्या वाचनाची एखादी तरी खूण चित्रात उमटली आहे काय, हा मुख्य प्रश्न. सूचनावाक्य शीर्षकावरून न रचता ग्रंथाच्या वाचनातून रचले, निवडणाऱ्याचे नाव व साधन दोन्ही नमूद केले, तर यंत्राचे साह्य घेण्यास हरकत नाही. एवढे करण्यास सवड नसेल, तर कोऱ्या पृष्ठावर सुबक अक्षरांत ग्रंथाचे नाव छापावे. निदान ते मुखपृष्ठ वाचकाची दिशाभूल तरी करणार नाही.