स्मृतिभ्रंश-चाचणीचे हिंदी रूप : एक आक्षेप

फोल्स्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी १९७५ मध्ये मांडलेली ३० गुणांची 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही चाचणी साक्षरता गृहीत धरते. हरियाणातील बल्लभगड परिसरातील बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी गांगुली व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तिचे हिंदी रूप प्रसिद्ध केले. त्यांनी केवळ शब्द बदलले नाहीत, कृतीही बदलल्या, हे या कामाचे खरे मोल होय. वाक्य लिहिण्याऐवजी वृद्धाने आपल्या घराविषयी काही सांगावयाचे असते. अन्यथा शेतीचा सारा हिशेब तोंडी ठेवणारी एखादी आजी केवळ अक्षरओळखीअभावी रोगी ठरावयाची!

तथापि एका बदलाविषयी आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते. मूळ चाचणीत 'डोळे मिटा' ही सूचना वाचून तसे करावयाचे असते. येथे परीक्षक स्वतः डोळे मिटतो व आपल्याप्रमाणे करावयास सांगतो. पहिल्या कृतीत लिखित भाषेचे आकलन तपासले जाते. दुसरीत अनुकरण तपासले जाते, आणि अनुकरण तर शब्द न कळताही साधते. म्हणजे भाषेचा एक गुण येथे भाषेवाचून मिळू शकतो. बेरीज मात्र ३०च राहते. त्यामुळे पिट्सबर्गमधील २४ आणि बल्लभगडमधील २४ एकाच तक्त्यात शेजारी मांडण्याचा मोह अभ्यासकास होतो.