युद्धपट, हिंदी
युद्ध व सैनिकजीवन यांवर आधारित चित्रपट. चेतन आनंद यांच्या हकीकत (१९६४) मध्ये १९६२ च्या चीन युद्धातील लडाख आघाडीवरील माघार चित्रित झाली असून थंडी, एकाकीपणा व घरची ओढ यांतून सैनिकाचे माणूसपण प्रकटते. लोंगेवालाच्या लढाईवरील (१९७१) जे. पी. दत्ता यांच्या बॉर्डर (१९९७) मध्येही ही ओढ आहे. पण संवादांच्या आवेशात ती बरीचशी लोपते. मराठी अभिनेते नाना पाटेकर यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रहार (१९९१) मध्ये तर रणांगण नाहीच. कमांडोंचे कठोर प्रशिक्षण आणि कामगिरीत पाय गमावलेल्या पीटर डिसूझाची मुंबईत खंडणीखोरांनी केलेली हत्या, हा त्याचा विषय. गणवेश उतरल्यावर समाज सैनिकाला कसे वागवितो, हा प्रश्न त्यात धीटपणे मांडला आहे. उत्तरार्ध मात्र सूडकथेकडे झुकतो.