नासपतीची चोरी आणि पहिला झुरका

व्यसनमुक्तीवर आपल्या धर्मग्रामांत होणाऱ्या नाटिका आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. बहुतेकींत काळा चष्मा घातलेला कोणी परका इसम येतो, भोळ्या मुलाच्या हाती पुडी ठेवतो आणि शेवटच्या प्रवेशात आई शवपेटीवर डोके ठेवून रडते. हेतू उत्तम, परंतु चित्र अपुरे. पहिली सिगारेट बहुधा परका माणूस देत नाही. ती वर्गमित्र देतो, टपरीवर, हसत हसत. हे मर्म ज्या ग्रंथाने अचूक पकडले, तो सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे : संत अगस्टीन यांचे ‘कन्फेशन्स’.

तेरा भागांच्या या आत्मनिवेदनाच्या दुसऱ्या भागात सोळाव्या वर्षाची हकिकत येते. पुढील शिक्षणासाठी पैसा जमेपर्यंत हा मुलगा तागास्ते या आपल्या गावी रिकामा बसला होता. एका रात्री सवंगड्यांसह त्याने जवळच्या झाडाची नासपती चोरली. फळे ना रूपाने आकर्षक, ना चवीने. त्याच्याकडे याहून चांगली होती. थोडी चाखून बाकीची डुकरांपुढे टाकली. एवढ्याशा चोरीवर संतांनी इतकी पाने का खर्ची घालावीत, असे सेमिनरीत आम्हांस वाटे. पुढे तरुणांमध्ये वावरताना मत पालटले. पहिला झुरकाही कडूच लागतो, ठसका येतो. तरी तो घेतला जातो. आपण एकटे असतो तर ही चोरी केलीच नसती, असे अगस्टीन पुन्हा पुन्हा सांगतात. मोह फळाचा नव्हता, सोबतीचा होता.

आईबापांनी याच भागातील आणखी एक नोंद लक्षात घ्यावी. संत मोनिका यांनी मुलाला दुराचाराविषयी कळकळीने बजावले होते. परंतु बायकी उपदेश मानणे त्याला कमीपणाचे वाटले. उपदेश खरा होता, तरी मित्रांच्या हशापुढे तो टिकला नाही.

सहाव्या भागातील अलिपियसची कथा तर अधिकच बोलकी आहे. रोममध्ये कायद्याचा अभ्यास करणाऱ्या या तरुणाला मित्र ओढत रक्तरंजित खेळांच्या आखाड्यात नेतात. देह नेलात तरी मन नेता येणार नाही, या विश्वासाने तो डोळे मिटून बसतो. गर्दीचा आरोळा उठतो, कुतूहलाने डोळे उघडतात आणि तो त्या क्रौर्याच्या नशेत बुडतो. पुढे तोच इतरांना तेथे नेऊ लागतो. ‘मी फक्त सोबत बसेन, ओढणार नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाचे याहून खरे चित्र आमच्या वाचनात नाही.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. नकार कसा द्यावा, हे हा ग्रंथ पायरीपायरीने शिकवीत नाही. तथापि आठव्या भागात उत्तराची दिशा सापडते. 386 साली मिलानच्या बागेत अगस्टीन यांचे हृदयपरिवर्तन झाले, तेव्हा त्यांच्यासोबत होता तो हाच अलिपियस. दोघांनी 387 मध्ये संत अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. ज्या मैत्रीने पाडले, तिच्याच जातीच्या बळाने उभे केले.

अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. कायदा दुकानदाराला अडवील. मित्राचा पुढे आलेला हात तो कसा अडवणार? तेथे दुसरा मित्रच हवा. म्हणून आमच्या युवक संघांना विनंती आहे की, पुढील नाटिकेतून काळ्या चष्म्याला रजा द्यावी. रंगमंचावर चार मित्र असावेत. एकाने सिगारेट पुढे करावी, दुसऱ्याने नाही म्हणावे, हशा व्हावा. आणि तिसऱ्याने काही न बोलता उठून नाही म्हणणाऱ्याबरोबर घरची वाट धरावी. प्रेक्षकांतील प्रत्येक आईबापाने मग स्वतःला विचारावे, आपल्या मुलाचा हा तिसरा मित्र कोण आहे, आणि त्याला आपण कधी घरी जेवायला बोलावले आहे काय?