मुक्काम पोस्ट शेंडेनक्षत्र

आपल्या भागात माणसाचे नाव पुरे होते ते 'मु. पो.' ही दोन अक्षरे उमटल्यावर. मु. पो. माळेगाव, तालुका बारामती. मु. पो. भिगवण, तालुका इंदापूर. शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत ही अक्षरे इतकी सोबत करतात की ती आपल्याला दिसेनाशी होतात. अशा ह्या झिजून गुळगुळीत झालेल्या शब्दावर भा. रा. भागवतांची नजर पडली, आणि त्यांनी ज्यूल व्हर्नच्या एका कादंबरीच्या रूपांतराला नाव दिले 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. मूळ फ्रेंच कादंबरीला, १८७७ च्या, नायक कप्तानाचे नुसते नाव आहे, हेक्टर सर्वादाक. भागवतांनी कप्तानाला बाजूला सारले आणि मुखपृष्ठावर थेट पत्ता लिहिला. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाच्या हाती पुस्तक पडते तेव्हा आधी पत्ता येतो, मग प्रवास. आणि पत्ता आहे म्हणजे तिथे कोणीतरी राहत असणार, चूल पेटत असणार, पोस्टमनची वाट पाहिली जात असणार, ही खात्री पहिले पान उलटण्याआधीच मनात घर करते.

आता दुसरा शब्द जरा उजेडात धरून पाहू. 'धूमकेतू' हा संस्कृतातून आलेला भारदस्त शब्द भागवतांना ठाऊक नव्हता थोडाच! पण धूमकेतू म्हटले की अरिष्ट आठवते, पंचांग आठवते. शेंडेनक्षत्र म्हणजे शेंडी राखलेले नक्षत्र. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकून पडलेल्या आजीने बोट दाखवून सांगावे, असा तो शब्द आहे. त्यात भय आहे, पण मांडीवर बसून अनुभवायचे. व्हर्नच्या कथेत हे नक्षत्र पृथ्वीला घासून जाते आणि भूमध्य समुद्राकाठचे काही तुकडे, मूठभर माणसांसह, उचलून नेते. सूर्य पश्चिमेला उगवू लागतो, दिवसरात्र मिळून बाराच तासांत आटोपते, पाणी सहासष्ट अंशांवरच उकळते. आणि जिब्राल्टरच्या उरल्यासुरल्या खडकावर दोन इंग्रज अधिकारी बुद्धिबळाचा डाव मांडून, मायदेशाहून येणाऱ्या बोटीची वाट पाहत, जणू काहीच घडलेले नाही अशा ऐटीत बसलेले असतात. जग तुटून आकाशात भिरकावले गेले तरी टपाल वेळेवर यायला हवे, ह्या हट्टाला हसता हसता आपण पुन्हा त्या शीर्षकातल्या 'मुक्काम'पाशी येऊन पोहोचतो.

साहसकथा पोराला घरापासून दूर नेते असा आपला समज असतो. मला मात्र दरवेळी वाटते की चांगली अद्भुतकथा घराच्याच एखाद्या कोपऱ्याला हात घालते. तो कोपरा वाचकाने ओळखला की पुढचे सारे विश्व त्याचे होते. 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' हे भागवतांचे आणखी एक व्हर्न-रूपांतर घ्या. मूळ कादंबरी १८६४ ची. तिचा दरवाजा उघडतो तो कुदळीने नव्हे, एका चिटोऱ्याने. जुन्या पोथीतून चर्मपत्राचा तुकडा खाली पडतो, त्यावर गूढ लिपी. महापंडित प्राध्यापक हरतात; आणि त्यांचा तरुण पुतण्या उकाड्याने हैराण होऊन तो मजकूर उतरवलेला कागद पंख्यासारखा हलवत असताना त्याला कागदाच्या पाठीमागून अक्षरे दिसतात, आणि मजकूर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायचा आहे हे लख्ख उमगते. पांडित्याने न सुटलेले कोडे वारा घेताना सुटते! बारामतीच्या मुलांना तर ह्या प्रसंगाची चव अधिक लागावी. कारण कऱ्हेकाठच्या ह्याच गावात, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, मोरोपंत (१७२९–१७९४) अक्षरांशी असेच खेळ खेळत बसले होते. एका रामायणात ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर येऊ द्यायचे नाही, दुसऱ्यात राममंत्राची अक्षरे ओवून ठेवायची. शाळेत मोरोपंत म्हटले की आर्येच्या मात्रा मोजण्याची शिक्षा आठवते. त्याऐवजी कोणी 'ह्यात अक्षरे दडली आहेत, शोध' एवढेच म्हणाले असते तर? असो.

पण सगळ्यांत रेंगाळावे असे पान भागवतांच्याच 'समुद्र सैतान'च्या मूळ कथेत, १८७० च्या व्हर्नच्या त्या सागरकादंबरीत आहे. पाणबुडीचा कप्तान निमो आपल्या पाहुण्या प्राध्यापकाला रात्री समुद्राच्या तळावर फिरायला नेतो. पाणबुड्याचा पोशाख, शिसाचे जड जोडे, समोर दूरवर लालसर उजेड. पाण्याखाली ज्वालामुखी धगधगतो आहे, आणि त्याच्या प्रकाशात हळूहळू कोसळलेली छपरे, देवळांचे खांब, बंदराचे धक्के दिसू लागतात. शिरस्त्राणामुळे दोघांना बोलता येत नाही. निमो खडूसारखा एक दगड उचलतो आणि काळ्या खडकावर एकच शब्द लिहितो : अटलांटिस. एवढ्या मोठ्या रहस्याचा उलगडा एका मुक्या शब्दात, फळ्यावर लिहावा तसा! व्हर्नला माशांच्या याद्या देण्याचा भारी सोस. त्या पोरांनी खुशाल ओलांडाव्यात. ह्या पानावर मात्र थांबावे.

आणि हे पान इंदापूर तालुक्यातल्या मुलाने वाचावे! त्याच्यासाठी अटलांटिस ही केवळ ग्रीकांची दंतकथा उरत नाही. उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमेचे पाणी मागे मागे पसरत गेले. त्यात शेते गेली, वाडे गेले, पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन देऊळ गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की आधी शिखर वर येते. दुष्काळी वर्षी तर अख्खे मंदिर, शिल्पांवर गाळाचा लेप घेऊन, उघडे पडते आणि लोक होडीने किंवा वाळल्या चिखलातून चालत दर्शनाला जातात. ज्याच्या आजोबांनी पाण्याकडे बोट करून 'तिथं आपलं घर होतं' असे सांगितले आहे, त्या मुलाला निमोचा तो काळा खडक परका कसा वाटेल? त्यात हा निमो मुळात आपल्याकडचा, बुंदेलखंडाचा राजपुत्र, सत्तावन्नच्या उठावात लढलेला. हे रहस्य व्हर्नने पुढे १८७५ च्या 'गूढ बेटा'च्या कादंबरीत उघड केले. पाणबुडीच्या काचेआड उभा असलेला तो कडवट, दर्यादिल माणूस आपल्याच मातीतून उखडलेला आहे, हे कळल्यावर पहिले पुस्तक पुन्हा उघडावेसे वाटते.

समुद्र, पाताळ, अंतराळ अशी फिरस्ती करून आणणाऱ्या ह्याच भागवतांनी स्वतःचा नायक कुठून उचलला, तर फुरसुंगीतून. इंदूरला जन्मलेल्या ह्या लेखकाने बनेश ऊर्फ फास्टर फेणेला ना मुंबईचा केला, ना राजवाड्यातला. बारामतीहून पुण्याला निघालेली एसटी पाटसवरून सोलापूर रस्त्याने जावो की जेजुरी-सासवड करत दिवे घाट उतरो, दोन्ही वाटा हडपसरला मिळतात आणि फुरसुंगी त्यांच्या बेचक्यात आहे. म्हणजे फास्टर फेणे हा आपल्याच रस्त्यावरचा मुलगा! गावाकडून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, काडीसारखा किडकिडीत, दोन चाकांवर स्वार. सुपरमॅनला उडता येते. ह्याला सायकल हाणता येते, आणि नको तिथे नाक खुपसता येते. वीस पुस्तके एवढ्या भांडवलावर धावली. मालिकेत सुमीत राघवनने (१९८७) आणि चित्रपटात अमेय वाघने (२०१७) त्याला चेहरा दिला, तरी वाचकाच्या कानातला फेणे वेगळाच असतो, कारण तो मुख्यतः ऐकायचा नायक आहे : 'ट्टॉक्!'

जीभ टाळूला लावून सोडली की होणारा तो आवाज कागदावर उतरवताना भागवतांनी 'ट'ला 'ट' जोडला, वर अर्धचंद्र ठेवला, शेवटी पाय मोडला. शब्दकोशात ह्याला अर्थ नाही. पण कोडे सुटल्याचा आनंद, संकटाला दिलेले आव्हान, मित्राला केलेली खूण, सगळे त्यात मावते. मोबाइल नसलेल्या काळातल्या ह्या गोष्टींत काही तपशील आज जुने वाटतात, हे खरे. माझ्या भाचीनेही दहा पानांनंतर तीच तक्रार केली आणि पुस्तक मिटले. रात्री उशिरा तिच्या खोलीतला दिवा चालूच होता. दाराशी गेलो तर आतून आवाज येत होता. एकदा नीट न जमलेला, मग पुन्हा, मग अगदी बरोबर.