हेब्रिडीजची गाणी आणि जात्यावरची ओवी

स्कॉटलंडचे लोकसंगीत मराठी माणसास सर्वस्वी परके आहे, असा आपला समज असतो. पण पुण्याजवळच्या खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या अखेरीस, प्रशिक्षण संपवून बाहेर पडणारे छात्र संथ पावले टाकीत निघतात, तेव्हा वाजत आलेली ‘ऑल्ड लँग साइन’ची धून स्कॉटिश आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी तीच धून उचलून ‘पुरानो शेई दिनेर कथा’ हे गीत रचले. भारतीय पायदळाच्या कितीतरी पलटणींत बॅगपाइप वाजतो आणि इंग्रज निघून गेल्यावरही तो कोणी परत केलेला नाही. लष्कर, शाळा आणि उपासनेची गीते अशा तीन दारांनी हे संगीत आपल्याकडे आले व कोणी आमंत्रण न देताही स्थिरावले.

आम्हांस या संगीताचा लळा आहे, आणि तो पुष्कळ वर्षांचा आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात, जेथे एके काळी दूरचित्रवाणी संच तयार होत आणि गावाचा दिवस सूर्यापेक्षा कारखान्याच्या पाळीवर उगवे, तेथे बसून अटलांटिक महासागरातील बेटांची गेलिक गाणी ऐकावीत, हे कोणास चमत्कारिक वाटेल. वाटो. मात्र नुसती आवड सांगितल्याने समीक्षा होत नाही. हे गाणे आम्हांस जवळचे का वाटते, आणि त्या जवळिकीत खरे किती व भास किती, हे तपासण्याचा येथे हेतू आहे.

भासापासून आरंभ करू. ‘ऑल्ड लँग साइन’ पाच स्वरांत बसते. सा, रे, ग, प, ध हे आपल्या भूपाचेच स्वर. बॅगपाइपचे तीन नळे सतत एकच आधारस्वर देत राहतात, त्यांतील एक खर्जातला व दोन त्याच्या वरच्या सप्तकातले. तानपुरा किंवा एकतारी ऐकून वाढलेल्या कानास तेथे घरी आल्यासारखे वाटते. सूर काढणाऱ्या नळीत अवघे नऊ स्वर असतात आणि निषाद कोमलाकडे झुकलेला असल्याने खमाजाचाही भास होतो. एवढ्या बळावर स्कॉटिश संगीत व आपले संगीत यांचे मूळ एकच, असे प्रतिपादन करणारे उत्साही लोक आम्हांस भेटले आहेत. त्यांनी राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, एवढे ध्यानात घ्यावे. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच असूनही राग वेगळे राहतात. मग दोन खंडांवरचे दोन पंचस्वरी सुरावटींचे समूह एका कुळातले कसे ठरणार?

याहून खरे साम्य विद्येच्या हस्तांतरणात सापडते. स्काय बेटावर मॅक्लाउड सरदारांच्या पदरी मॅक्रिमन घराणे पिढ्यान्‌पिढ्या पायपर होते. बॅगपाइपचे जे गंभीर, विलंबित वादन आहे, ज्यास गेलिकमध्ये ‘थोर संगीत’ म्हणतात, ते तेथे कागदावरून शिकवले जात नसे. प्रत्येक स्वरालंकारास ठरलेली अक्षरे होती, गुरू ती गाऊन दाखवी आणि शिष्य ती पाठ करी. तबल्याचे बोल पाठ करणाऱ्यास हे समजावून सांगावे लागणार नाही. त्या वादनाची घडणही ओळखीची वाटते. प्रथम मूळ सुरावट संथपणे मांडायची, मग एकाहून एक अवघड रूपांतरे करीत चढत जायचे आणि अखेरीस पुन्हा त्या पहिल्या शांत सुरावटीवर उतरायचे. संचलनात ऐकू येणारा बॅगपाइप तो हा नव्हे. लष्कराने त्यातून चालण्याजोगे तेवढे उचलले.

पण घराण्यांचा विषय वाटेत लागला म्हणून स्पर्शिला. आमचा खरा विषय बायकांची गाणी आणि ती गोळा करणारी दोन पुस्तके हा आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेस बाह्य हेब्रिडीज नावाची बेटांची माळ आहे. धर्मसुधारणेच्या वादळानंतर स्कॉटलंडचा बहुतेक भाग प्रॉटेस्टंट झाला; परंतु या माळेच्या दक्षिणेकडील साउथ उइस्ट, एरिस्के व बारा ही बेटे कॅथलिक राहिली. १८९३ पासून एरिस्केवर फादर ॲलन मॅक्डोनाल्ड हे धर्मगुरू होते. १८५९ साली जन्मलेला हा मनुष्य कवी होता. १८९३ सालीच त्यांनी गेलिक भक्तिगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, १९०३ साली एरिस्केवर नवे चर्च उभे केले, आणि या व्यापातून वेळ काढून लोकांच्या कथा, गाणी, म्हणी, समजुती यांनी वह्यांमागून वह्या भरल्या. त्या वह्यांतील सामग्री अडा गुडरिच-फ्रीअर या लेखिकेने आपल्या लेखनात सढळ हाताने वापरली. मूळ संग्राहकाचे श्रेय झाकले गेले ते १९६८ साली ‘स्ट्रेंज थिंग्ज’ हे पुस्तक येईपर्यंत. फादर ॲलन १९०५ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वारले.

त्याच वर्षी मार्जरी केनेडी-फ्रेझर ही गायिका एरिस्केवर आली होती. तिने गाणी ऐकली, पुढे मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली, आणि केनेथ मॅक्लाउड या पाळकाच्या साहाय्याने १९०९ साली ‘साँग्ज ऑफ द हेब्रिडीज’चा पहिला खंड काढला. जगभर गाजलेले ‘एरिस्के लव्ह लिल्ट’ हे तिचेच. गाण्यांना पियानोची साथ जोडली, इंग्रजी शब्द बसवले, लय सैल केली, आणि सगळ्यावर एक निळसर धुके पसरले. आज ‘केल्टिक’ या नावाखाली, मनःशांतीसाठी म्हणून जे काही विकले जाते, त्याचे एक उगमस्थान येथे आहे. आपण मांडणी करीत आहोत हे तिने लपवले नाही, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आणि तिची मूळ ध्वनिमुद्रणे हा मोलाचा ठेवा आहे, हेही. तथापि तिचे पुस्तक वाचताना गाणारी बाई दिसत नाही. दिसते ती समुद्राकडे पाहत उभी असलेली एक व्याकूळ आकृती, जिला चूल नाही, सासू नाही आणि हाताला घट्टे नाहीत.

मार्गारेट फे शॉ ही अमेरिकन मुलगी स्कॉटलंडमध्ये शाळेत असताना केनेडी-फ्रेझरबाईंचे गायन तिने ऐकले. त्या गायनाने ती भारली गेली आणि याच्यामागे काहीतरी निराळे, अधिक सकस असले पाहिजे, असेही तिला वाटले. १९२९ ते १९३५ ही वर्षे ती साउथ उइस्टवर पेगी आणि मायरी मॅक्रे या दोन बहिणींच्या घरी राहिली. गेलिक शिकली, त्यांच्याबरोबर कामे केली, छायाचित्रे काढली आणि गाणी जशी होती तशी उतरवून घेतली. तिचे ‘फोकसाँग्ज अँड फोकलोर ऑफ साउथ उइस्ट’ १९५५ साली प्रकाशित झाले. त्यात गेलिक शब्द, त्यांचे सरळ भाषांतर, स्वरलेखन आणि गाणारीचे नाव आहे. त्याच जिल्दीत प्रार्थना, म्हणी, औषधे, पाककृती व कापड रंगवण्याच्या रीतीही आहेत. केनेडी-फ्रेझरच्या पुस्तकात जे धुके होते त्याच्या जागी येथे पीटचा धूर आहे, आणि तो डोळ्यांत जातो.

या पुस्तकातील आणि पुढे शॉ यांचे पती जॉन लॉर्न कॅम्पबेल यांनी फ्रान्सिस कॉलिन्सन यांच्यासह १९६९ ते १९८१ या काळात तीन खंडांत संपादिलेल्या ‘हेब्रिडीअन फोकसाँग्ज’मधील सर्वांत श्रेष्ठ गाणी कापड कुटण्याची आहेत. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ असते. ते साठवलेल्या मूत्रात भिजवीत (आमच्याकडे घोंगडीस चिंचोक्यांची खळ देतात, ते त्या मानाने बरेच म्हणायचे), त्याची टोके जोडून लांब फळीवर अंथरीत, आणि दोन्ही बाजूंस बसलेल्या बायका ते आपटीत, ढकलीत, ओढीत सूर्याच्या दिशेने फिरवीत. एकजण कडवे म्हणे व बाकीच्या धृपद उचलीत. हे धृपद बहुधा निरर्थक अक्षरांचे असे. पण गाणे कोणते हे त्यावरूनच ओळखले जाई. मधूनमधून बोटाने मापून कापड किती आटले ते पाहत. एका बैठकीत तेच गाणे दुसऱ्यांदा म्हणणे अशुभ, अशी समजूत होती. अखेरीस कापडावर आशीर्वाद मागत. ॲलेक्झांडर कारमायकेल यांच्या १९०० सालच्या ‘कार्मिना गाडेलिका’त अशा प्रार्थना पाहावयास मिळतात. या गाण्यांत सतराव्या शतकातील लढाया, बुडालेली गलबते, मारले गेलेले भाऊ, फसवून गेलेले प्रियकर आहेत, आणि त्यांतील पुष्कळ गाणी बायकांनीच रचली आहेत. पुरुषांना त्या फळीपाशी सहसा जागा नसे.

जात्यावरच्या ओवीशी तुलना करावी ती येथे. कामाची लय हीच गाण्याची लय, बायकांनी रचलेले, बायकांनी जपलेले, पुरुषांच्या कानाआडचे: एवढे दोहोंत सारखे. भेदही डोळ्यांत भरतो. कापड कुटणे हा दहाबारा जणींचा गजबजलेला मेळावा, तर दळण पहाटेच्या अंधारात एकटीचे, फार तर समोरासमोर बसलेल्या दोघींचे. म्हणून तेथे धृपद वाढले, कथा वाढली, थट्टा वाढली. ओवीत धृपद नाही, ती दोन ओळींत आटोपते आणि श्रोत्याऐवजी जात्याशी, विठ्ठलाशी, दूरच्या आईशी वा भावाशी बोलते. ती गाऊन कोणास ऐकवायची नसते. आमच्या मते मराठी ओवीत जो उघडा खाजगीपणा आहे तो गेलिक गाण्यांत क्वचितच सापडतो. आणि गेलिक गाण्यांत घटनेची जी नाट्यमय झडप आहे, ती ओवीत नाही.

ओवीलाही तिचे केनेडी-फ्रेझर भेटले. कथाकादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून जाते फिरते तेव्हा पहाट नेहमी गुलाबी असते व दळणारी प्रसन्न असते. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या त्या अपार मायेने, नात्यांच्या क्रमाने, ते ऋण मोठे आहे. पण त्या मायेत ओवीतील वात्सल्य जितके उजळते तितका तिच्यातील राग उजळत नाही. शॉ यांच्या जातीचे काम आपल्याकडे केले ते हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी. १९३४ साली फ्रान्समध्ये जन्मलेले प्वातवाँ पुण्यात स्थायिक झाले होते. या दोघांनी खेड्यापाड्यांतील स्त्रियांच्या सहकार्याने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणारीचे नाव व गाव टिपून ठेवले. १९९६ सालच्या ‘स्टोनमिल अँड भक्ती’ या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात दळणाऱ्या बाईची भक्ती व पंडितांचे तत्त्वज्ञान यांतील अंतर तपासले आहे. प्वातवाँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तल्या; २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ज्ञानकोशातून सर्वांसाठी खुला होत गेला. त्यात आमच्या मराठवाड्यातील, बीड जिल्ह्याच्या माजलगाव येथील ओव्या आहेत. तेथील दलित स्त्रियांनी ओवीत बाबासाहेब आंबेडकरांना बसवले आहे, आणि जेथे विठ्ठलाची माया होती त्याच जागी, त्याच सुरात, त्याच जिव्हाळ्याने. ओवी गुलाबी पहाटेची असती, तर तिला हे पेलले नसते.

आता एक प्रश्न आमच्या घरचा. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरील संविधानात मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतास योग्य मान द्यावा, असे सांगितले. त्याच्या सत्तर वर्षे आधी फादर ॲलन यांनी एरिस्केवर ते केले होते. मराठीत तर साडेतीन शतके आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांत छापले गेले. ती ग्रंथांतली ओवी, जात्यावरची नव्हे, हा भेद अभ्यासक करतील व तो योग्यच आहे; परंतु मिशनऱ्याने लोकांच्या छंदापुढे मान लवविली, ही गोष्ट त्याने उणी होत नाही.

असे असता आमच्या गायनवृंदांची वाट आज केनेडी-फ्रेझरच्या दिशेने अधिक जाते. लोकगीताची चाल घ्यायची, तिच्यातील हेलकावे कीबोर्डच्या ठोक्यात बसवून सरळ करायचे, जे शब्द खरखरीत वाटतील ते काढून गुळगुळीत घालायचे, आणि यास भारतीयीकरण म्हणायचे. कोणी म्हणेल, सामूहिक उपासनेत शेदोनशे लोकांनी एकत्र गायचे तर सुरावट सोपी करावीच लागते. हा आक्षेप वजनदार आहे. पण स्कॉटलंडच्याच गेलिक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत स्तोत्रे कशी गातात ते ऐकावे. पुढारी एक ओळ म्हणतो, आणि सारी मंडळी ती उचलताना जो तो आपापल्या परीने स्वर वळवतो. कोणी पुढे, कोणी मागे, आणि तरीही ते एकच गाणे राहते. आपल्या भजनी मंडळांतही बुवांची ओळ टाळकरी असेच उचलतात. मोठा समुदाय व मोकळा सूर यांचे वैर नाही.

शिवाय शॉ यांची वाट केनेडी-फ्रेझरच्या गायनातूनच सुरू झाली होती, हे विसरता येत नाही. सोपी केलेली चाल ऐकून एखाद्या मुलीस मूळ गाणे शोधावेसे वाटेलही. त्यासाठी तिला पत्ता मिळाला पाहिजे. आमच्या हाती आलेल्या गीतपुस्तिकांत अशा चालींवर ‘पारंपरिक’ एवढाच शब्द असतो. लग्नघरी हळद दळताना जात्याला हात लावून दोन ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या पैठण रस्त्यावरच्या गावांत अजून आहेत. चाल कोणाकडून घेतली, असे त्यांना विचारले तर त्या आईचे किंवा आत्याचे नाव आणि तिचे माहेरगाव सांगतात.