अगदी घरच्यासारखं!

मराठी वाङ्मयात हॉटेलांची समीक्षा हा प्रांत फारसा नांगरला गेलेला नाही. कारण उघड आहे. कवितेवर लिहायचं तर निदान ‘आशयघन’, ‘प्रतिमासृष्टी’, ‘जाणिवेची पातळी’ असे चार शब्द तरी जुळवावे लागतात. हॉटेलावर लिहायला मराठी माणसाला एकच शब्द पुरतो : ‘घरच्यासारखं!’ जेवण कसं होतं? घरच्यासारखं. खोली? घरच्यासारखी. मालक? अहो, अगदी घरच्यासारखा वागला! आणि हॉटेल वाईट होतं असं सांगायचं झालं, तरी शब्द तोच. ‘काही म्हणा, घरच्याची सर नाही!’

माझं या शब्दाशी जुनं भांडण आहे. घराला कुलूप लावायचं, दुधवाल्याला नाही म्हणून सांगायचं, शेजाऱ्यांकडे तुळशीला पाणी घालायची जबाबदारी सोपवायची, साडेचारशे किलोमीटर आगगाडीतून हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि एवढं करून मिळवायचं काय, तर घर! अहो, ते घरी फुकट मिळत होतं. बरं, उद्या एखाद्या लॉजवाल्यानं खरोखरच घरच्यासारखी खोली दिली तर आपल्याला चालेल का? पंख्याचं बटण तीनवर अडकलेलं, न्हाणीघरातला नळ गळका, टीपॉयवर परवाचं वर्तमानपत्र, आणि कपाट उघडलं की अंगावर गाद्या! पहिल्या पाच मिनिटांत आपण मॅनेजरला वर बोलावून घेऊ.

आम्ही सोलापूरचे. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. आमच्या घरी मुंबईचा बेत ठरतो. सोलापुराहून मे महिन्यात मुंबईला जाणं म्हणजे तव्यावरून उतरून मोदकपात्रात बसणं. पण मुंबईला समुद्र आहे, नाटकं आहेत, म्युझियम आहे, आणि मुलांच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हॉटेलं आहेत. तीन दिवस, दोन रात्री आणि चार माणसं. एवढ्या भांडवलावर हॉटेल निवडणं हे लग्नाचं स्थळ शोधण्यासारखं असतं. माहिती सगळे देतात, जबाबदारी कोणी घेत नाही.

आमचे मेहुणे म्हणतात, ‘‘फक्त माझं नाव सांगा.’’ नाव सांगितल्यावर काउंटरवरचा माणूस जुनी वही काढून मेहुण्यांची बाकी दाखवील की काय, अशी भीती मला नेहमी वाटते. शेजारचे वकीलकाका गिरगावातलं एक लॉज सुचवतात. ते तिथं १९७८ साली उतरले होते. लॉज, त्याचा मालक आणि तेव्हाचा दर या तिन्ही गोष्टी अजून तिथंच त्यांची वाट पाहत उभ्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. आणि आमचे चिरंजीव फोनवर तारे मोजतात. हल्ली हॉटेलांना लोक तारे देतात. आमच्या बालवाडीच्या बाई पाटीवर द्यायच्या तसे. फरक इतकाच, की बाईंनी पाटी वाचलेली असायची.

या ताऱ्यांखाली जे लिहिलेलं असतं, ते मी समीक्षक म्हणून बारकाईनं वाचलं आहे. एक म्हणतो, ‘खोली प्रशस्त.’ दुसरा म्हणतो, ‘बॅग उघडायला पलंगावर चढावं लागलं.’ दोघंही खरं सांगत असतात. पहिला एकटा उतरलेला असतो आणि दुसऱ्याबरोबर सासूबाई असतात. फोटोंचं तर विचारूच नका. फोटो काढणारा बहुतेक भिंतीत शिरून फोटो काढत असावा, त्याशिवाय दहा बाय आठच्या खोलीचा दरबार हॉल होणार नाही. एका लॉजनं आम्हांला खोलीला खिडकी आहे असं सांगितलं होतं. होती. ती उघडली की समोर लिफ्टचे दोर दिसायचे. मुलांनी तीन दिवस समुद्राऐवजी लिफ्टची भरती-ओहोटी पाहिली.

म्हणून तारे बाजूला ठेवून मी साधे प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न, तुमचा दिवस किती वाजता उजाडतो? सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आपल्याला मुंबईत आणून टाकते. हॉटेलातला दिवस मात्र दुपारी बाराला उजाडतो, काही ठिकाणी दोनला. मधल्या वेळात चार माणसं आणि पाच बॅगा यांचं काय करायचं, यावर एकही तारेवाला बोलत नाही. ज्या साध्या लॉजच्या पाटीवर ‘चेक-आउट चोवीस तास’ असं लिहिलेलं असतं, ते आमच्यासारख्याला पंचतारांकितच. सकाळी सातला शिरलात तर सकाळी सातपर्यंत खोली तुमची.

दुसरा प्रश्न, बाहेर पडल्यावर पायी कुठं कुठं जाता येतं? स्वस्त खोली लांब घेतली की वाचलेले पैसे टॅक्सी खाते आणि वाचलेला उत्साह लोकल खाते. खोली ही झोपायला असते. लोकमान्य मुंबईत आले की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत. १ ऑगस्ट १९२० ला त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. एका उतारूंच्या घरासमोर सगळी मुंबई लोटली. खोलीला बाथरूम जोडलेली होती का, याची नोंद इतिहासानं ठेवली नाही. उतारू मोठा असला की खोलीची लांबी-रुंदी कोणी विचारत नाही. आपण लहान, म्हणून विचारतो!

तिसरा प्रश्न खिडकीचा. काळा घोड्याला वॉटसन्स हॉटेलची इमारत आहे. १८६० च्या दशकात तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून इथं आणून जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली ती याच हॉटेलात. त्याच वर्षी मार्क ट्वेन तिथं उतरला होता. पुढं प्रवासवर्णनात त्यानं कशाचं मन लावून वर्णन केलं असेल, तर मुंबईच्या कावळ्यांचं! कठड्यावर बसून हे कावळे त्याच्या कपड्यांवर आणि रंगरूपावर खुशाल चर्चा करत, असं त्याला वाटलं. यालाच मी हॉटेलची खरी खिडकी म्हणतो. आतून शहर दिसलं पाहिजे, आणि शहरानंही आत डोकावून दोन शब्द बोललं पाहिजे.

आता खाण्याकडे वळू. कारण माणूस हॉटेलात झोपतो नाइलाजानं आणि खातो आवडीनं.

मुंबईच्या कुठल्याही रस्त्यावर असं एक हॉटेल असतंच, की ज्याचं मेन्यूकार्ड दिवाळी अंकाएवढं जाड असतं. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पावभाजी, जैन, मिल्कशेक, फालुदा. दोनशे पदार्थांची ही ग्रंथसंपदा पाहून मुलांचे डोळे फिरतात. समीक्षकानं फिरू देऊ नयेत. आत पातेली तीन असतात : लाल रस्सा, पांढरा रस्सा, पिवळा रस्सा. लालमध्ये पनीर पडलं की एक नाव, कोफ्ता पडला की दुसरं. काही लेखकांच्या कादंबऱ्या अशाच असतात. नायकाचं नाव बदललं की नवी आवृत्ती. त्यात वाईट काही नाही, पण पानं पाहून विद्वत्ता ठरवू नये.

चांगल्या जागेचं मेन्यूकार्ड कवितेसारखं असतं. थोडक्यात आटपतं. इराण्याचंच पाहा. धोबी तलावचं कयानी १९०४ पासून उभं आहे. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, ब्रून, मस्का, मावा केक आणि चहा. कोपऱ्यावरची दुकानं आपल्या लोकांना अशुभ वाटायची, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. आपल्या शुभाशुभाचा एवढा गोड फायदा दुसऱ्या कोणाला झाला नसेल! बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियात (हे १९२३ चं) बेरी पुलाव खायला जायचं. भातात आंबट-गोड फळं पाहून माझ्या आईनं कपाळाला हात लावला असता. आणि नेमकं तेवढ्यासाठीच जायचं. आपल्या घरी जे कधीही होणार नाही, ते खाण्यासाठी.

दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनमध्ये जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून गौरवलं. मिसळ चांगली आहे हे आपल्याला कळायला लंडनहून निरोप यावा लागला, हे आपल्या समीक्षेच्या परंपरेला धरूनच झालं. आमच्या वकीलकाकांनी ती खाल्ली आणि निकाल दिला, ‘‘छान आहे, पण आमच्या घरच्यासारखी नाही.’’ बिचारं लंडन!

एवढं बोलल्यावर एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या शब्दाला एके काळी अब्रू होती. कोकणातून आणि घाटावरून हजारो पुरुष मुंबईच्या गिरण्यांत कामाला आले. बायकामुलं गावी. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, आणि जेवायचं कुठं, तर खानावळीत. या खानावळी पाट्या लावून बसलेल्या नव्हत्या. चाळीतल्या बायका आपापल्या दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्ह पेटवून पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या आणि महिन्याचे पैसे महिनाअखेरीला घ्यायच्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत कंबर मोडून घ्यायच्या त्याही त्याच. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावात याच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखवली. त्या कामगारानं पहिला घास घेऊन ‘घरच्यासारखं आहे’ म्हटलं, की त्या शब्दात त्याचं सगळं गाव असायचं. त्याला तो शब्द शोभतो. वर्षातून तीन दिवस मुंबईला हवा खायला आलेल्या माणसानं तो उचलू नये. आपल्याला घराची आठवण यायलासुद्धा अजून सवड मिळालेली नसते.

आणि तो शब्द उच्चारताना आपण कुणाच्या घराबद्दल बोलतो, हेही एकदा पाहायला हवं. माटुंगा स्टेशनाबाहेर पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ चं. केळीचं पान, पुरी, भाज्या, भात, सांबार, रसम, ताक. वाढपी येतो आणि न विचारता वाढतो. आम्ही चौघं ओळीनं बसलो होतो. सवयीप्रमाणे माझ्या तोंडून शेरा निघायच्या बेतात होता. तेवढ्यात आमच्या मंडळींनी पुरीचा तुकडा मोडला, त्यातून वाफ निघाली, आणि त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

‘‘घरच्यासारखं म्हणू नका हं.’’

‘‘का गं?’’

‘‘घरी मला गरम मिळत नाही.’’

त्यात तक्रार नव्हती. पारा किती आहे ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं आणि वाढप्याला म्हणाल्या, ‘‘आणखी दोन वाढा.’’ पण गेली कित्येक वर्षं मी हॉटेलांच्या समीक्षेची जी तत्त्वं शोधत होतो, ती त्या एका वाक्यात आटोपली. ‘घरच्यासारखं’ हा शब्द नेहमी ताटावर बसलेला माणूस वापरतो, तव्यापाशी उभा असलेला माणूस वापरत नाही. घरी पोळी गरम असते ती खाणाऱ्याला. करणारीच्या वाट्याला शेवटची पोळी येते, तीही ओटा पुसून झाल्यावर. तिनं वर्षाचे ३६२ दिवस घरच्यासारखं केलेलं असतं. उरलेल्या तीन दिवसांत तिला घरच्यासारखं नको असतं, आणि ते तिला कोणी विचारत नाही. उलट घरगुती जेवणाच्या पाटीखाली उभं करून आपण तिलाच विचारतो, ‘‘तुझ्या हातची चव आहे, नाही?’’ स्वतःच्या हाताची चव बघायला बिचारी सोलापुराहून आलेली नसते!

तेव्हा मंडळी, पुढच्या सुट्टीत शहरात जाल तेव्हा मेहुण्यांचं नाव सांगू नका आणि आकाशातले तारेही मोजू नका. खोली अशी घ्या, की ती गाडीच्या वेळेला उघडेल आणि जिच्या दारातून शहर पायी गाठता येईल. खायला अशा ठिकाणी जा, की जिथं चार पदार्थ असतील आणि ते वर्षानुवर्षं तेच असतील. दोन्हींची निवड मात्र घरात रोज पोळपाटापुढे उभं राहणाऱ्या माणसावर सोपवा, आणि ते माणूस ‘मला काय, कुठंही चालेल’ म्हणालं तर तेवढ्यावर सोडू नका, पुन्हा विचारा. त्यातूनही तारे द्यायची हौस असेलच, तर जेवण संपेपर्यंत आपल्यातलं कोणी ताटावरून उठलं का, एवढं बघा. उठलं नसेल, तर खुशाल पाच द्या.