पत्रसंवादाची दुसरी बाजू

लेखकाच्या पत्रांचे पुस्तक हाती आले की मी आधी एवढेच पाहतो : समोरच्या व्यक्तीची पत्रे त्यात आहेत का? बहुधा नसतात. कारण उघड आहे. माणसाने लिहिलेली पत्रे दुसऱ्याच्या घरी राहतात आणि त्याच्या घरी उरतात ती इतरांची. दोन्ही घरांनी देवाणघेवाण केल्याशिवाय पत्रव्यवहार पुरा होत नाही.

जी. ए. कुलकर्णी १९८७मध्ये गेले. पुढे निघालेल्या ‘जी. एं.ची निवडक पत्रे’च्या पहिल्या खंडात त्यांनी सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत. प्रसिद्धीपासून दूर राहणारे जी. ए. त्यात मोकळेपणाने बोलताना भेटले. सुनीताबाईंची पत्रे मात्र ‘प्रिय जी. ए.’ या स्वतंत्र पुस्तकात, २००३मध्ये आली. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून तारखांप्रमाणे वाचली, तेव्हा ज्याला मी स्वगत समजत होतो तो संवाद निघाला. हे दोन्ही ग्रंथ मोलाचेच आहेत. पण प्रश्न एका पुस्तकात आणि उत्तर दुसऱ्यात, ही रीत संपादकाचे काम वाचकावर टाकते. शिवाय सुनीताबाई स्वतः नामवंत लेखिका होत्या. समोरची व्यक्ती अनाम असेल तर तिचे पुस्तक कोण काढणार?

सोलापुरात सध्या मी अशाच दोन घरी ये-जा करतो आहे. दोन दिवंगत मित्र : एक शिक्षक-कवी, दुसरे गिरणीतले कारकून, पुढे मुंबईला गेलेले. कवींच्या मुलाला वडिलांची पत्रे छापायची आहेत. काकांची कशाला, ते कुठे लेखक होते, असे तो म्हणतो. पण एका कवितेची दोन कडवी का गळली, याचे उत्तर त्या काकांच्याच पत्रात आहे. तिकडे कारकुनांच्या मुलीला वेगळीच धास्ती : “दादांनी उसने पैसे मागितल्याचं लोकांना दिसायला नको.”

कायद्याने पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याच्या घरचा, तर मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा. म्हणजे एका घराला दुसऱ्यावाचून पुढे जाताच येत नाही. ही अडचण नसून सोय आहे, असे मला वाटते. आधी सगळ्या पत्रांच्या प्रती दोन्ही घरी पोहोचाव्यात, निवड त्यानंतर व्हावी. अर्धी पत्रे पाहून केलेली निवड ही निवडच नव्हे. आणि ‘निवडक’ म्हणताना काय गाळले, किती गाळले, हे संपादकाने सांगितलेच पाहिजे.

दिवाळीनंतर दोन्ही घरची माणसे एकत्र बसणार आहेत. उसन्या पैशांच्या ओळी गाळायच्या ठरल्या तर गाळू. पण तिथे चार ओळी होत्या, एवढे मात्र छापू.